सहा महिने वाचवायला साडेपाच महिने

माझा घटस्फोट होऊन काही महिने झाले, पण '१७ मार्च २०२३' ही तारीख कुठं दिसली तरी अजून डोकं तडकतं. त्या एका तारखेनं माझं अर्धं वर्ष खाल्लं. कारखान्यातल्या दोघीतिघी मला विचारायला येतात, "म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीचा घटस्फोट, करू का लढू?" त्यांना दर वेळी तोंडी सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. नवरा पुण्याला. १४ जानेवारी २०२२, संक्रांतीला माहेरी आले ती परत नांदायला गेले नाही. का, ते इथं लिहीत नाही. दोन वर्षं दोन्हीकडचे मामा-काका बसले, उठले, चहा पिऊन गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी अर्ज टाकला. लग्न इथलं होतंच, पण नसतं तरी बायको जिथं राहते तिथं तिला अर्ज टाकता येतो. त्यामुळं पुण्याला खेटे घालावे लागतील ही भीती काढून टाका. मला ती उगाच वर्षभर होती.

पहिले वकील म्हणाले, "ताई, आधी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली क्रूरतेचा दावा टाकू. नोटीस गेली की समोरचा आपोआप नरम येतो." मी मान डोलावली. अर्ज टाइप होऊन आला तेव्हा कारखान्यातून धावतपळत गेले होते, सह्या केल्या आणि रिक्षात बसून वाचला. त्यात मला 'दररोज अमानुष मारहाण' होत होती. झालेली नव्हती. जे झालं होतं ते वेगळं होतं आणि त्यातलं निम्मं अर्जात नव्हतंच. तिकडून जी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली तिच्यात मी 'उद्धट, माहेरधार्जिणी आणि स्वयंपाक न येणारी'. शेंगाचटणी आणि कडक भाकरी डब्यात भरून पुण्याला नेणारी मी! आई तर कैफियत ऐकून दोन दिवस जेवली नाही.

लढायच्या दाव्यात असंच असतं. क्रूरता, परस्त्री किंवा परपुरुषाशी संबंध, दोन वर्षं टाकून देणं, असं कायद्यातलं एखादं कारण धरायचं आणि ते पुराव्यानं सिद्ध करायचं. नोटीस, कैफियत, मुद्दे, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद. आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईचा दावा सहा वर्षं झाली, अजून उलटतपासात आहे. मधे अंतरिम, म्हणजे दावा चालू असेपर्यंतची, पोटगी मागितली तर दोघांनी आपापल्या मिळकतीचं आणि कर्जाचं शपथपत्र द्यायचं. सुप्रीम कोर्टानं २०२० पासून ते बंधनकारकच केलंय. आणि 'एकतर्फी घटस्फोट' हा शब्द लोक भलतीकडेच वापरतात. एकट्याला हवाय म्हणून तो एकतर्फी होत नाही. नोटीस मिळूनही समोरचा हजरच झाला नाही तर दावा एकतर्फी चालतो.

संमतीच्या अर्जात, म्हणजे कलम १३-ब मध्ये, कारण सांगावं लागत नाही. एक वर्षापासून वेगळे राहतोय, एकत्र राहणं जमत नाही आणि दोघांनी मिळून ठरवलंय, एवढं पुरतं. अर्ज दोघांचा एकच. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन 'हो, हवाय' म्हणायचं. तोवर कुणीही एकानं माघार घेतली की सगळं मुसळ केरात. म्हणून पैसे, दागिने आणि मूल असेल तर ताबा, भेटीचे वार, हे सगळं तडजोडीत लिहून घ्या. 'तो देईल हो' असं म्हणू नका.

आम्ही संमतीवर आलो ते जून २०२४ मध्ये, कोर्टातल्या समुपदेशकांच्या तिसऱ्या बैठकीनंतर. तोवर मी वकील बदलले होते. नव्या मॅडमनी जुन्याच अर्जाचं संमतीच्या अर्जात रूपांतर करून घेतलं, ८ जुलैला. आठवड्यानं आम्ही सहा महिने थांबण्यातून सूट मागितली. ती मागता येते, सुप्रीम कोर्टानं २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात तसं म्हटलंय. पण अट अशी की पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि देण्याघेण्याचं मिटलेलं हवं. आम्ही तर अडीच वर्षं वेगळे! मी आईला सांगूनही टाकलं, गणपतीच्या आत सुटते म्हणून.

आणि मग ती तारीख निघाली.

मार्च २०२३ मध्ये सासऱ्यांचं बायपासचं ऑपरेशन झालं. सासूबाईंचा रडत फोन आला, मी गेले. ५ ते १७ मार्च, बारा दिवस. दिवसा दवाखाना, रात्री सासूबाईंच्या खोलीत खाली गादी. नवऱ्याशी बोलणं म्हणजे 'गोळ्या आणल्या का' आणि 'डबा कुठाय' एवढंच. त्याच्या कैफियतीत मात्र वकिलांनी ठोकून दिलं होतं की अर्जदार १७ मार्च २०२३ पर्यंत पतीसोबत नांदत होती. माझ्या जुन्या अर्जात तर त्या बारा दिवसांचा उल्लेखच नव्हता. मी पहिल्या वकिलांना सांगितला होता. "कशाला, केस कमजोर होईल," म्हणाले.

रूपांतर केल्यामुळं हे सगळे कागद एकाच फाइलीत. संमतीच्या अर्जात आम्ही दोघं म्हणतोय जानेवारी २०२२ पासून वेगळे, आणि चार पानं मागं उलटली की तोच माणूस शपथेवर म्हणतोय मार्च २०२३. त्याची तारीख धरली तर धड सोळा महिनेही होत नाहीत. दीड वर्ष कुठून आणणार? न्यायाधीशांनी विचारलं, खरी तारीख कोणती? चुकीचं काहीच विचारलं नाही त्यांनी. भांडताना दोघांनी आपापली गोष्ट रंगवून लिहिली होती, आता दोघांना मिळून एकच गोष्ट सांगायची होती आणि ती आमच्याकडं नव्हती.

पुढचे महिने असे गेले. ऑगस्टमध्ये त्याच्या वकिलांना म्हणणं द्यायला मुदत हवी. सप्टेंबरच्या तारखेला त्याची गाडी टेंभुर्णीजवळ बंद पडली, तो पोचला साडेचारला. ऑक्टोबरमध्ये तो 'तारीख बदलली तर मी खोटं बोललो असं होईल' म्हणून अडून बसला. मग दिवाळीची सुट्टी. मी दर तारखेला अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेत होते आणि बाकड्यावर बसून भिंतीवरचा तोच तो बोर्ड वाचत होते. मॅडम सांगायच्या, चिडून उपयोग नाही. उपयोग नव्हताच, तरी मी चिडले.

नोव्हेंबरच्या शेवटी समुपदेशक बाईंनी दोघांना आत घेतलं. वकील बाहेर. त्यांनी त्यालाच विचारलं, "त्या बारा दिवसांत तुम्ही नवरा-बायको म्हणून राहिलात का?" तो बराच वेळ पंख्याकडं बघत बसला. हाताच्या बोटानं टेबलाची कड खरवडत होता. मग म्हणाला, "नाही. ती आईबाबांसाठी आली होती. बाबांना जेवण तिनंच भरवलं."

इतक्या वर्षांत माझ्या बाजूचं एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. घटस्फोट मिळावा म्हणून का असेना.

मॅडमनी लगेच दोघांचं एकत्र शपथपत्र केलं: १४ जानेवारी २०२२ पासून पती-पत्नीचे संबंध नाहीत, मधले बारा दिवस आजारपणात सेवेसाठी. एका छताखाली असूनही नवरा-बायको म्हणून न राहणं हे कायद्याच्या भाषेत वेगळं राहणंच, हा सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकालही त्यांनी जोडला. २० डिसेंबरला सूट मंजूर झाली आणि त्याच दिवशी घटस्फोटाचा हुकूमही. आता मोजा. ८ जुलैपासून सहा महिने ८ जानेवारीला तसेही होणार होते. सूट मिळवून आम्ही वाचवले एकोणीस दिवस.

डीडीचं, म्हणजे बँकेच्या डिमांड ड्राफ्टचं, राहिलंच. ठरलेली रक्कम दोन हप्त्यांत होती, दुसरा हप्ता हुकुमाच्या दिवशी. त्यानं उत्साहानं दोन्ही डीडी जुलैतच काढून ठेवले. डीडी तीन महिनेच चालतो. ऑक्टोबरात दुसरा बाद, डिसेंबरात पुन्हा बँकेत जाऊन नवा, आणि त्याचा रागही माझ्यावर. तारीख पक्की झाल्याशिवाय डीडी काढू देऊ नका.

आणि अर्जावर सही करायच्या आधी तो वाचा. रिक्षात बसून नाही, वकिलांसमोर बसून. उद्या संमतीवर यायची एक टक्काही शक्यता असेल तर खोटं किंवा अर्धवट काही लिहू देऊ नका, विशेषतः कधीपासून वेगळे हे. मधे कधी चार दिवस जाऊन राहिला असाल तर तेही कशासाठी ते घालून लिहा.

हुकुमाची नक्कल मिळाली तेव्हा मी सगळ्यात आधी तारीख बघितली. १४ जानेवारी २०२२. बरोबर होती. मग घरी येऊन निवांत वाचली तर वडिलांचं नाव 'शिवानंद'चं 'सिवानंद' झालेलं. आमच्याच अर्जातली चूक, पहिल्या वकिलांच्या टायपिस्टची, शेवटपर्यंत उतरत आलेली. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. पुढची तारीख गुरुवारी आहे.