उजनी, सहावी खेप: गळ कुठे अडकत होते ते कळलं

सोळा गळ, नऊ शिसं आणि हिरवी तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) जवळपास साठ मीटर. मासेमारीच्या पाचव्या खेपेत अडकून गेलेल्या सामानाचा हिशेब एवढाच होता, म्हणून दीड महिना काही लिहिलं नाही. जे मनात होतं ते पोरीबाळींसमोर वाचण्यासारखं नव्हतं.

परवाच्या रविवारी मात्र उलगडा झाला. तो मी केला नाही. सासऱ्यांनी केला, तोही खुर्चीत बसून, तंबाखू मळता मळता.

जागा तुम्हाला माहीत आहे: पळसदेवच्या अलीकडे, सासुरवाडीच्या रानाला लागून पाण्यात घुसलेली ती जमिनीची जीभ. काठापासून चाळीसेक मीटरवर एक पट्टा आहे, तिथे सकाळी मासा हमखास उडतो. रोहू असावा, कधी कटल्याचं रुंद शेपूटही दिसतं. बाकी सगळीकडे चिलापी, आणि चिलापी म्हणजे घास पाण्यात पडायचा अवकाश, पीठ गायब. त्यामुळे मी हट्टाने त्याच पट्ट्यात टाकत होतो आणि तिथेच गळ अडकत होते. सगळेच नाही, तीन टाकले की दोन.

सुरुवातीला दोष वेड्या बाभळीला दिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या गाळावर ती माजते, पावसाळ्यात जिवंत बुडते आणि खाली काटेरी सांगाडे राहतात. मग वाटलं फाटकी जाळी असतील. हल्ली त्या हेलिकॉप्टर माशाने मच्छीमारांची जाळी फाडून वैताग आणलाय, त्याचेच तुकडे तळाला पडले असतील. एकदा जाळ्याचा तुकडा वरही आला, म्हणून दोन खेपा मी याच समजुतीत काढल्या.

खरा पुरावा माझ्या डबीत पडून होता. जे गळ सुटून परत आले त्यांची टोकं बोथट झालेली, काहींची तर नखासारखी आत वळलेली. बाभळीच्या ओल्या लाकडात गळ रुततो, जाळ्यात गुंततो. टोक असं वळत नाही. टोक वळतं ते दगडावर. हे आधी सुचायला हवं होतं, पण मी नवे गळ विकत घ्यायच्या गडबडीत होतो. (भिगवणच्या बाजारात सुटे मिळणारे गळ घ्या. ऑनलाइन मागवलेले रंगीत पाकिटातले सहा नंबरचे गळ मी पक्कडीशिवाय, बोटांनी सरळ केलेत.)

उपाय किती करून पाहिले. शिसं हलकं केलं, तर वाऱ्याने दोरा ओढून थेट अडकणीवर नेला. तरंगा लावून अधांतरी घास ठेवला, तर चिलापीची पंगत बसली. ब्रेडेड लाइन (विणलेला मजबूत दोरा) लावली की ओढून काढू असं वाटलं. गळ सरळ होऊन आला दोनदा, तिसऱ्यांदा ओढताना रीळची बेल स्प्रिंग गेली. चार हजार नंबरचं रीळ, तिसऱ्या महिन्यात. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे पाण्याचा संपर्क आला असेल तर वॉरंटी नाही. मासेमारीचं रीळ! त्याला म्हटलं, पुढच्या वेळी वाळवंटात नेतो.

आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे गळांचा घोस. पिठाच्या मोठ्या गोळ्याभोवती सहा गळ लोंबकळत ठेवायचे, रोहू गोळा फोडायला लागला की एखादा गळ तोंडात जातो. मऊ गाळाच्या तळाला ही पद्धत उत्तम. पण दगडावर म्हणजे सहा बोटांनी दगड धरून ठेवायची सोय. मला हीच पद्धत शिकवली होती आणि मी ती सोडायला तयार नव्हतो.

आता परवाचा दिवस. पहाटे सव्वापाचला पोहोचलो. मी, बायको, नऊ वर्षांची लेक, आणि या वेळी सासरे म्हणाले, मीही येतो. मामांना गुडघ्याचा त्रास आहे म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची नेली. लेकीच्या अंगात लाइफ जॅकेट, त्यावर तिची नेहमीची कुरकुर. उजनीच्या काठचा गाळ फसवा आहे, वरून वाळलेला दिसतो आणि पाय मांडीपर्यंत जातो. पोरं नेत असाल तर जॅकेट उथळ पाण्यातही घाला, वाद घालू नका.

सात वाजेपर्यंत दोन गळ गेले. तिसरा अडकल्यावर मी काठी वाकवून झटके देत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"पाव्हणं, सारखं तितंच का टाकताय?"

"मामा, मासा तिथेच उडतोय."

"उडंल की. हीर हाय ती आमची."

मी काठी खाली ठेवली. उजनीचं काम १९८० साली पुरं झालं. त्यात यांचं खालचं रान गेलं हे लग्न ठरलं तेव्हापासून ऐकत आलोय, पण ते रान म्हणजे माझा हा 'पट्टा' हे डोक्यातच आलं नव्हतं. मामांनी माळावरचं बिरोबाचं देऊळ दाखवलं, मग काठाला जिथे आपला जुना बांध पाण्यात उतरतो ती जागा. दोन्हींच्या रेषेत आत गेलं की विहीर. दगडी बांधकामाची, वर मोटेचं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी ओतायची जागा, घडीव दगडांची. मी सहा खेपा थारोळ्यावर गळ घासत होतो.

"मग मामा, टाकू कुठे?"

"धावंवर टाका."

मोट बघितलेली नाही अशांसाठी: मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची मोठी पिशवी, आणि बैल ती ओढत विहिरीपासून लांब जातात ती उताराची वाट म्हणजे धाव. वर्षानुवर्षं बैलांच्या पायांनी ती दगडासारखी घट्ट झालेली असते. तिच्यावर झाड नाही, धोंडा नाही. विहिरीच्या बाजूला उंच, टोकाला खोल. मामांच्या विहिरीची धाव पूर्वेकडे, म्हणजे आपण उभे राहतो तिथून उजव्या हाताला. थारोळ्यापासून जेमतेम दहा-बारा पावलं बाजूला टाकायचं. मासा थारोळ्याच्या आडोशाला राहणार, चरायला धावेवर येणार.

पहिला घास धावेवर टाकला आणि दोरा हळूहळू ओढला. शिसं सरकत आलं, कुठेही टक् नाही. दुसरा, तिसरा, तसंच. अडीच तासांत एक गळही अडकला नाही. मासा लागायच्या आधीच मी खूश होतो, बायकोने फोटो काढलाय, त्यात माझ्या हातात नुसतं शिसं आहे.

जुळणीही बदलली. सहा गळांचा घोस बाद. आता एकच गळ, त्याच्या मागे केसासारख्या बारीक दोऱ्यात उकडलेल्या मक्याचे दोन दाणे. मका चोवीस तास भिजत घालून अर्धा तास उकडलाय, चिलापीच्या पिल्लांना तो फुटत नाही. वर पेंडीचा गोळा, शेंगदाण्याची पेंड, भाजलेली मेथी आणि बडीशेप. गोळा पटकन सुटू नये म्हणून पिठात कापसाच्या बारीक बटा मळल्या. ही जुनी युक्ती आहे, पण कापूस चिमटीभरच, नाहीतर गोळ्याची गादी होते. (पेंड घरच्या मिक्सरमध्ये वाटली हे बायकोला रविवारी सकाळीच कळलं. तो विषय अजून चालू आहे.)

शिसाऐवजी कच्च्या दोऱ्याची सोयही करून पाहिली. तीन कड्यांची भिंगरी: एकीला मुख्य तंगूस, दुसरीला दीड फुटावर गळ, तिसरीला शिवणाच्या दोऱ्याने बांधलेलं वजन. अडकलं तर दोरा तुटतो, वजन जातं, गळ वाचतो. वजन म्हणून गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणले होते, फुकटात डझनभर. पहिल्याच फेकीला दोरा तुटला आणि प्लग एकटाच जाऊन पलीकडच्या रानात पडला, गळ माझ्या पायाशी. दोरा दुहेरी केल्यावर जमलं, पण फेक सावकाश, हिसका न देता. मग मामा म्हणाले, "आमच्या हिरीत लोखंड टाकू नगा." ते हसत होते की नाही कळलं नाही. प्लग पिशवीत घातले आणि काठावरचे लांबट दगड सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधले. तेही चाललं, किंबहुना बरं चाललं, दगड गाळात कमी रुततो.

साडेआठला लेकीची काठी वाकली. मृगळ, अर्ध्या किलोच्या आतबाहेर. तिने एकटीने आणला, मी फक्त हातजाळी धरली. आमच्या नियमाप्रमाणे अर्ध्या किलोखालचा सोडायचा. वजनकाट्यावर ४८० ग्रॅम भरला आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी काटा पुन्हा तपासला. ४८०च. तिने स्वतः सोडला. त्यानंतर तासभर माझ्याशी बोलली नाही, आजोबांशी बोलली.

सव्वानऊला माझा रोहू, पावणेदोन किलो. सहा खेपांतला पहिला. खालच्या ओठात, टोक शाबूत. सासूबाईंनी दुपारी त्याचा रस्सा केला आणि सोबत चार चिलाप्या तळल्या. मला प्रामाणिकपणे चिलापीच जास्त आवडली. भिगवणच्या हॉटेलांत लोक उगाच येत नाहीत.

दहाच्या सुमारास तो लागला. ड्रॅग (रीळचा ब्रेक) करकरला, मी काठी उचलली, आणि तो सरळ डावीकडे निघाला. मी उजवीकडे ओढतोय, तो डावीकडे. पाच-सहा सेकंद. मग दोरा घासल्याचं कंपन थेट मुठीत जाणवलं आणि सगळं हलकं झालं. तंगूस वर आली ती दीड वाव खरवडलेली. मामा खुर्चीतून म्हणाले, "थारोळ्यात गेला." वजनाचा अंदाज मी लिहीत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

म्हणजे अडकणीचा प्रश्न सुटला आणि त्याच दगडांचा दुसरा प्रश्न उभा राहिला. माझा बेत होता पुढच्या वेळी ३५ ऐवजी ४५ची, म्हणजे जास्त जाड तंगूस, शेवटचा दोन मीटर आणखी जाड, आणि ड्रॅग सुरुवातीपासून आवळून. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की चुकीच्या बाजूने उभा राहतोय. धावेच्या पूर्वेच्या टोकाकडून टाकलं तर ओढ आपोआप विहिरीपासून लांब पडेल. त्यासाठी काठाने वळसा घालून शेजारच्या बांधावर जावं लागेल, मामांची खुर्ची तिथपर्यंत जाणार नाही. बघू.

खोलीचाही हिशेब मांडला. उजनी १०० टक्के म्हणजे पातळी ४९६.८३ मीटर, शून्य टक्के म्हणजे ४९१.०३. मधे ५.८ मीटर, साधारण १९ फूट. सरासरी दर टक्क्याला सव्वादोन इंच, पण वरचं पाणी पसरट असल्याने वरच्या टक्क्यांना कमी उतरतं आणि खालच्यांना जास्त. परवा थारोळ्याच्या माथ्यावर मला नऊ-दहा फूट पाणी मिळालं. म्हणजे परवाच्या पातळीवरून तेवढं पाणी उतरलं की थारोळं वर यायला हवं. मामा म्हणतात दुष्काळाच्या उन्हाळ्यात ते दिसतं, धरणात बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं त्याच सुमारास.

तेव्हा मे महिन्यात काठी न घेता जायचं. फोन घेऊन उघड्या रानातून चालायचं आणि प्रत्येक विहीर, बांध, ओढ्याचं वळण, जुनी गाडीवाट नकाशात टिपून ठेवायची. जून-जुलैत मासा अंड्यावर असतो तेव्हा आपण जातच नाही. ऑक्टोबरात धरण भरलेलं असताना वरून त्याच खुणांवर टाकायचं. बायको म्हणते, त्याआधी गावनकाशा काढ, त्यात ओढे आणि वाटा आहेतच. हे बरोबर आहे आणि मला सुचलं नाही. मामांच्या ट्रंकेत त्या गटाचा जुना सातबारा निघाला, इतर हक्कात विहीर १ अशी नोंद आहे. मी फोटो काढून ठेवलाय.

तो कागद बघताना विषय निघाला की पलीकडच्या गटातही विहीर होती, आपल्या विहिरीपासून फार लांब नाही, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे तिला थारोळंच नव्हतं. घडीव दगड नाहीत म्हणजे दोरा कापायला काही नाही, आडोसा मात्र तोच. मी उत्साहात विचारलं, पुढच्या रविवारी तिथे टाकू?

"ती भावकीची," मामा म्हणाले. "त्यांचं आमचं बांधावरनं वाजलेलं. तितं टाकायचं न्हाई."

पुढची खेप त्यामुळे पुन्हा धावेवरच. सासूबाईंमार्फत प्रयत्न चालू आहेत.