टोपीवाला स्कार्फ, म्हणजे आईच्या भाषेत कुंची

भाचीने ग्लासगोहून एक फोटो पाठवला, मावशी मला असा टोपीवाला स्कार्फ करून दे ना, इथल्या वाऱ्यात साधी टोपी राहतच नाही डोक्यावर. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "अगं ही तर कुंची, पुढे दोन पट्टे लोंबतायत एवढंच." झालं, तेव्हापासून घरात त्याचं नाव कुंचीच.

क्रोशाचा पॅटर्न अमेरिकन होता. आधी एकदा ब्रिटिश पॅटर्न अमेरिकन समजून विणला होता (टाक्याचं नाव एकच, टाके वेगळे: ब्रिटिशांचा डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकेचा डबल म्हणजे आपला खांब, आईचं मात्र साखळी, मुका खांब, खांब, काही गोंधळच नाही) त्यामुळे यावेळी ते आधी तपासलं. लोकर सांगितली होती मेरिनो-अल्पाका मिक्स, 100 ग्रॅमला 200 मीटर, अशा चार लड्या. इथे मागवायचा खर्च बघितला आणि गपचूप तुळशीबागेत गेले. तसंही भाची सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये टाकते, खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटून नमदा होतो, त्यापेक्षा अॅक्रिलिकच बरं. तेवढी ऊब नाही येत, पण टिकेल तरी.

चार लड्या म्हणजे 400 ग्रॅम, म्हणून विटकरी रंगाची 400 ग्रॅम घेऊन आले. इथेच माती खाल्ली. माझी लोकर बारीक, 100 ग्रॅमला 280 मीटर, आणि जाडी जुळवायला दुहेरी धागा घेतला, म्हणजे 100 ग्रॅममध्ये हातात 140 मीटरच पडणार की! 800 मीटरला पावणेसहाशे ग्रॅम हवी. लेबलवरचे मीटर बघायचे असतात, वजन नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत असते हो.

नमुन्याचा चौकोन मात्र विणला होता म्हणून टोपी वाचली. पॅटर्नमध्ये 4 इंचात 14 खांब, माझे साडेपाच मिलिमीटरच्या सुईवर 12 च. दोन खांबांनी काय होतंय असं वाटतं, पण टोपीच्या आयताला 84 खांब, म्हणजे 24 इंचाच्या जागी 28, मध्ये दुमडल्यावर उंची 12 ऐवजी 14 इंच, थेट नाकापर्यंत. 5 ची सुई घेतली तर साडेतेरा आले, म्हटलं चालेल. तोच चौकोन मग इस्त्रीखाली धरून बघितला, अॅक्रिलिकला जोरात वाफ लागली की त्याचा जीवच जातो, लुळं पडतं, चमकायला लागतं आणि पुन्हा फुगत नाही. म्हणून ठरवलं की पट्ट्यांना लांबूनच जरा वाफ द्यायची, छान पडतात, टोपीला अजिबात नाही, ती थोडी ताठ उभी राहायला हवी.

टोपी झाली, मागची शिवण मुक्या खांबांनी जोडली, खालच्या कडांवरून टाके उचलून एक पट्टा पूर्ण, दुसरा अर्ध्यावर आणि लोकर संपली. दुकानात शेड नंबर तोच पण लॉट (एकाच वेळी रंगवलेली खेप) वेगळा, दुकानदार म्हणाला ताई सेम टू सेम आहे, ट्यूबलाइटखाली मलाही तसंच वाटलं, घरी गॅलरीच्या उजेडात बघते तर चांगलीच तपकिरी झाक. परत घेत नाहीत. मग पूर्ण झालेल्या पट्ट्याचे शेवटचे 10 इंच उसवले (दुहेरी अॅक्रिलिक उसवणं म्हणजे काय शिक्षा असते ते ज्याने उसवलंय त्यालाच माहीत, दर दोन ओळींनी गुंता), तो जुना धागा दुसऱ्या पट्ट्याला लावला आणि दोन्ही टोकांना नवा लॉट. सांधा दिसू नये म्हणून आठ ओळी दोन जुन्या, दोन नव्या अशा घातल्या. आता ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. भाचीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, वॉव, शेडेड! मी काही बोलले नाही.

आईने कुंची उलटसुलट करून बघितली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "गोंडा कुठंय?" नव्या लॉटची थोडी लोकर उरली होतीच. टोपीच्या मागच्या टोकाला आता तपकिरी गोंडा आहे, भाचीला अजून सांगितलेलं नाही.