तेओतिहुआकान पद्धतीचा सर्पेंटाइन मुखवटा: तोंड आणि डोळ्यांपर्यंतची नोंद

दगड राजस्थानातल्या केसरियाजीचा हिरवा मार्बल. नावाला मार्बल, प्रत्यक्षात सर्पेंटाइन. मेक्सिकोतल्या तेओतिहुआकान या प्राचीन नगरातले मुखवटे ज्या हिरव्या दगडांत घडवले त्यांतला एक. फरशी १८-२० मिमीची, तिच्यात नाक बसत नाही, म्हणून मूर्तिकारांकडून जाड तुकडा मागावा. १५ × १४ × ६ सेंमीचा ठोकळा सव्वातीन किलोच्या आसपास भरतो. घेण्याआधी पाणी मारून सुकू द्यावा. बाकी दगड सुकल्यावरही ओली काळी रेघ उरली, तर तिथे चीर आहे आणि छिन्नीच्या घावाने ती उघडणार.

या दगडात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. सगळी घासाई पाण्यातच. गाळ ओला असतानाच पुसून घ्यावा, कोरडा ग्राइंडर लावूच नये.

ढोबळ आकार झाला आहे: कपाळ वरून आडवं सपाट, कान आयताकृती, चेहरा रुंद, हनुवटीकडे निमुळता. गाल गोल करायचा मोह होतो, पण या शैलीची ओळख सपाट पातळ्या आणि त्यांच्या कडांत आहे. कडा गेल्या की उरतो तो कुठलाही मुखवटा.

आता भोकं. त्या कारागिरांकडे लोखंड नव्हतं. पोकळ नळी, वाळू आणि पाणी एवढ्यावर काम. इथे ८ मिमीची बोरूची नळी आणि क्वार्ट्‌झची चाळलेली वाळू. दगड कुरतडतो तो वाळूचा कण, नळी फक्त त्याला फिरवते. त्यामुळे जोर लावून उपयोग नाही, उलट बोरूचं टोक फुटतं. गुळगुळीत पृष्ठभागावर नळी सरकते. आधी चकमकीच्या टोकाने उथळ खड्डा पाडावा. वाळू पिठासारखी झाली की कापणं थांबतं, ती धुवून नवी घालावी. नळीच्या पोकळीत उरणारा मधला खुंट १२ मिमी उंच झाला की बाजूने हलका ठोका द्यायचा, बुडाशी तुटतो. ओठांचे कोपरे असे आधी पाडून मग मधला भाग वाळूने घासून काढला. कानाच्या पाळीचं भोक मात्र दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडावं. एकाच बाजूने आरपार गेलं तर पलीकडची कड टवका होऊन उडते.

डोळे आरपार नाहीत, मूळ मुखवट्यांतही बहुधा नसतात. ४ मिमी खोल खोबण, तळ खडबडीतच ठेवला, कारण गुळगुळीत तळाला राळ धरत नाही. पांढऱ्यासाठी शिंपला, बुबुळाला ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच. चिकटवायला राळ आणि मेण ३:१. नुसती राळ ठिसूळ, थंडीत तडकते.

पॉलिशला २२०, ४००, ६०० नंबरचा घासकागद, प्रत्येक वेळी घासायची दिशा काटकोनात बदलून. ओला दगड फसवतो: पाण्याखाली सगळंच चकचकीत दिसतं. पूर्ण सुकवून तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये. सध्या नाकपुडीच्या बाजूला २२०चे ओरखडे शिल्लक आहेत, तिथे कागद बोटाने पोचत नाही. बांबूची काडी चपटी करून तिच्यावर कागद गुंडाळला आहे.