वेदीपासून २० मीटर: चर्चच्या लाइव्हसाठी स्वस्त लेन्सचा शोध

आमच्या वसईतल्या चर्चच्या लाइव्हचा वाइड कॅमेरा, म्हणजे रुंद दृश्य दाखवणारा, मार्गी लागला, त्यामुळे आजची नोंद सगळी टेलीची, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सची. रविवारची मिस्सा घरून पाहणाऱ्यांत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आहेत आणि आखातात नोकरीला असलेली मुलं आहेत. प्रवचन देणाऱ्या फादरांचा चेहरा त्यांना मोबाइलवर ओळखू यावा, ही माझी पहिली अट. दुसरी अट बजेटची. नवी ७०-२०० एमएम एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) लाखाच्या पुढे जाते, म्हणून ती यादीतच घेतली नाही.

कॅमेरा सोनीचा झेडव्ही-ई१०, मागच्या माळ्यावर, वेदीपासून २० मीटरवर. लेन्स बघायच्या आधी टेपने अंतर मोजा. मग सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा), की फ्रेममध्ये किती रुंद दिसेल ते कळतं. आपला एपीएस-सी सेन्सर २३.५ एमएम रुंद, म्हणजे ५० एमएमला ९.४ मीटर दिसतं, आख्खी वेदी. १३५ ला साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत. २०० ला २.३५ मीटर, तिथे माणूस मांड्यांपासून वर भरतो. चेहऱ्यासाठी २०० च्या आसपासच जावं लागतं, हे या हिशेबातूनच ठरलं.

सोनीची ५५-२१० स्वस्तात मिळते, वजनाला हलकी आहे, पण ती एफ/४.५-६.३ आहे. लाइव्ह चालू असताना ५५ वरून २१० ला गेलात की प्रकाश निम्मा होतो. मॅन्युअल एक्स्पोजरवर चित्र डोळ्यांदेखत काळवंडतं, ऑटो आयएसओ ठेवला, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडली, तर चित्रात दाणे वाढतात. फोटोग्राफीत याचं फार बिघडत नाही, लाइव्हमध्ये मात्र ते सगळ्यांना दिसतं. म्हणून माझं मत ठाम आहे: ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक, म्हणजे तो एफचा आकडा) झूमभर एकच राहणारी लेन्स घ्या, मग ती चाळीस वर्षं जुनी का असेना.

सध्या माळ्यावर निकॉनची सीरीज ई ७०-२१० एफ/४ आहे. सगळं हाताने, पुढेमागे सरकवून झूम करायची. २१० ला सोनीच्या त्या लेन्सपेक्षा जवळपास अडीचपट प्रकाश देते. निकॉनच्या माउंटला (लेन्स बसते त्या खाचेला) सेन्सरपासून ४६.५ एमएम अंतर लागतं, सोनीला फक्त १८, त्यामुळे मधला अडॅप्टर म्हणजे काच नसलेली धातूची रिंग, आणि ती स्वस्त असते. जुन्या काचेचं चित्र सॉफ्ट, म्हणजे पुसट, येईल ही भीती बाळगू नका. १०८० पीचं चित्र जेमतेम २० लाख पिक्सेलचं. तेवढ्यात हा फरक दिसत नाही. खिडकीचा उजेड समोरून आला की कॉन्ट्रास्ट मात्र पडतो, तेव्हा लेन्सच्या तोंडावर हूड, म्हणजे उजेड अडवणारी टोपी, हवाच. झूम सरकवताना ट्रायपॉड हलतो, त्यामुळे वाइड कॅमेरा प्रोग्रामवर, म्हणजे त्याचंच चित्र लोकांना जात, असतानाच मी फ्रेम बदलतो.

हाताने फोकस करणं वाटतं तितकं अवघड नाही. २० मीटरवर, २१० ला एफ/४ ठेवलं तरी पुढेमागे मिळून सव्वा मीटरहून जास्त अंतर शार्प राहतं. फोकस २१० ला करा आणि मग झूम मागे घ्या. जुन्या सरकत्या झूममध्ये बहुतेकदा फोकस टिकतो, तरी घेताना दुकानातच तपासा. मुंबईच्या फोर्टमधल्या बोरा बाजारात जाणार असाल तर टॉर्च खिशात ठेवा. मागून उजेड टाकला की काचेतली बुरशी जाळीसारखी दिसते. ॲपर्चरची पाती तेलकट नाहीत ना, झूमची रिंग आपोआप घसरत नाही ना, हेही बघा. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत घरी आणलेली लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायला हवी. पावसाळ्यात तर नक्कीच.

शटर १/५० सेकंद आणि सेकंदाला २५ फ्रेम. आपली वीज ५० हर्ट्झची, तिथे १/६० ठेवलं तर दिव्यांचे पट्टे सरकताना दिसू शकतात.

आता राहिलं पवित्र शनिवारचं जागरण. दिवे मालवलेले, उजेड फक्त मेणबत्त्यांचा, तिथे एफ/४ पुरत नाही. त्या रात्रीसाठी निकॉनची ८५ एमएम एफ/१.८ डी शोधतोय, पाचपट प्रकाशासाठी. ‘डी’च हवी, कारण तिला ॲपर्चरची रिंग आहे. नंतरच्या ‘जी’ला ती नाही, साध्या अडॅप्टरवर ॲपर्चर बदलता येत नाही. फ्रेम साडेपाच मीटरची होईल, चेहरा लहान दिसेल, पण त्या विधीत चेहऱ्याहून ज्योत दिसणं मला महत्त्वाचं वाटतं. लेन्स हाती आली की एका संध्याकाळी चर्चचे दिवे बंद करून आयएसओ कितीपर्यंत चालतो ते बघायचं आहे.