परमिट रूममधली गाबोळी आणि भिंतीवरची पालघाट देवी

दादर-गिरगावकडच्या परमिट रूममध्ये गाबोळी मिळाली तर चकण्याचे शेंगदाणे बाजूला सारा. माशाची ही अंडी थेट तेलात टाकली की पडदा फाटतो, दाणे फुटून अंगावर उडतात. म्हणून आधी हळद-मिठाच्या पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवायची. पाणी खळखळलं तरी ती फुटते. पूर्ण गार झाल्यावरच अर्धा इंच जाडीच्या चकत्या करायच्या, आलं-लसूण, तिखट, कोकमाचा आगळ लावायचा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतायच्या. आतून कोरडी लागली तर ती जास्त शिजलेली असते.

अशा ठिकाणी भिंतीवर हल्ली वारली चित्रं दिसतात, बहुतेक नुसता तारपा नाच, म्हणजे तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा फेर. खरं देवाचं चित्र म्हणजे लग्नातला चौक, लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र. शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तो तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने काढतात. मध्ये पालघाट, ही वारल्यांची सुफलतेची देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव. पीठ पातळ झालं की रेघ ओघळते, भिंत ओली असेल तर फिकट पडते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण चौकाचा मान बायकांचाच. पालघाटीविना चौकट म्हणजे नुसती नक्षी, ती देवाचं चित्र म्हणून विकू नये.