चौकोनी खड्याचा कोपरा

गेल्या आठवड्यात नौपाड्यातून एक काकू अंगठी घेऊन आल्या. करंगळीतली, चौकोनी पाचूची, सासूबाईंकडून आलेली. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. “अहो, पडली नाही, कुठे आपटलीही नाही,” त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. भिंग लावलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांची टोकं सोन्याला घट्ट टेकलेली. खडा बसवला त्या दिवसापासून तो ताण आत होता.

मी ठाण्यात जांभळी नाक्याजवळ 22 वर्षं दागिन्यांत खडे बसवतोय. गोल खड्यावर दाब कडेने सगळीकडे वाटून जातो. चौकोनी खडा कोपऱ्यावरच सगळ्यात नाजूक असतो आणि दाबही नेमका तिथेच येतो. म्हणून बैठक, म्हणजे सोन्यात खडा टेकायची जागा, कापून झाली की चारही कोपऱ्यांत बारीक गोल बर (कोरायच्या यंत्राचं टोक) फिरवून खळगा करायचा. खडा बाजूंवर टेकतो, टोक अधांतरी राहतं. प्रॉंगने, म्हणजे खडा धरणाऱ्या सोन्याच्या दाताने, टोक झाकायचं, दाबायचं नाही. काम दोन मिनिटांचं. पण वरून दिसत नाही, म्हणून नवी मुलं हमखास सोडून देतात.

मापाचंही तसंच. चौकोनी म्हणून आलेला खडा नेमका चौरस असेलच असं नाही. कॅलिपर लावला की एक बाजू 6 मिलिमीटर, दुसरी 6.15. बैठकीत नीट बसलेला खडा काढून परत ठेवताना पाव फेरा फिरला की अडतो, आणि अडला की हात आपोआप जोर लावतो. मी खड्याच्या एका बाजूला मार्करचा ठिपका देतो, अंगठीवर त्याच बाजूला खूण करतो.

प्रॉंग समोरासमोरचे, थोडेथोडे वळवायचे. एकच पूर्ण दाबला तर खडा कलतो. बंद सेटिंगमध्ये, म्हणजे खड्याभोवती सगळीकडून पत्रा वळवतात तेव्हा, मात्र कोपरे आधी घ्यायचे. बाजू आधी बसवल्या तर जादा पत्रा कोपऱ्यात साचतो, आणि तो खाली बसवायला नको तिथे ठोकावं लागतं.

शिकत होतो तेव्हा माझ्या हातून असाच एक पाचू गेला. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. तो आवाज ओळखता येतो, तेव्हापासून मी मध्येच थांबायला शिकलो. हिरा कठीण म्हणून निर्धास्त राहणारेही पाहिलेत. काठिण्य 10 असलं तरी ठराविक दिशांना हिरा चिरतो, आणि प्रिन्सेस कटचा, म्हणजे टोकदार कोपऱ्यांच्या चौकोनी हिऱ्याचा, कोपरा सहज उडतो.

सोन्यावरून तर रोज समजूत घालावी लागते. आपल्याकडे सगळ्यांना 22 कॅरेटच हवं. दागिन्याला ते छान, पण बारीक प्रॉंगला मऊ पडतं. दाराच्या कडीत अडकलं की उघडतं. चौकोनी खड्याला मी 18 कॅरेट सुचवतो, गिऱ्हाइकाच्या घरच्यांना राग आला तरी.

काकूंचा पाचू घासून कोपरा पुन्हा काढता आला असता, पण खडा लहान झाला असता. त्यांना तो सासूबाईंच्या बोटात होता तेवढाच हवा आहे. म्हणून व्ही आकाराच्या प्रॉंगखाली टवका झाकतोय, उरलेल्या तीन कोपऱ्यांत खळगे केलेत. धुताना अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी दागिने धुणाऱ्या यंत्रात) टाकणार नाही, पाचूच्या भेगांत भरलेलं तेल निघून जातं. कोमट पाणी आणि मऊ ब्रश. शनिवारी त्या घ्यायला येतील.