तारेच्या जागी तेल: ट्रायबाईकचे ब्रेक बदलण्याचा माझा अनुभव

माझ्या ट्रायबाईकचा मागचा ब्रेक म्हणजे ब्रेक कमी आणि विनंती अर्ज जास्त होता. लिव्हर ओढायचा, अर्ज दाखल व्हायचा, मग चाक सवडीने विचार करायचं. पुढचा ब्रेक बरा होता, पण ओल्या रस्त्यावर नुसत्या पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवायला माझी हिंमत होत नव्हती.

ट्रायबाईक ज्यांनी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोहणं, सायकल आणि धावणं अशा ट्रायथलॉन स्पर्धेसाठी बनवलेली ही सायकल. कोपरं टेकवून पुढे वाकायचं ते एरोबार. त्यांच्या टोकांना गिअर असतात, ब्रेक नसतात. ब्रेक असतात खालच्या बेसबारच्या दोन टोकांना. म्हणजे थांबायचं तर आधी अंग उचलायचं, हात खाली न्यायचे आणि मग लिव्हर दाबायचा. यात जो वेळ जातो तो जातोच. निदान हात पोचल्यावर तरी गाडी थांबावी! पाम बीच रोडवर पहाटे ताशी 35 च्या वेगात असताना मोराज सर्कलजवळ कोणी रिक्षावाला अचानक डावीकडे वळला, की या 'निदान'चा अर्थ नीट कळतो.

दोष कॅलिपरचा, म्हणजे पॅड रिमवर दाबणाऱ्या जबड्याचा नव्हता, तारेच्या रस्त्याचा होता. हवेला आडवं काही येऊ नये म्हणून अशा सायकलींमध्ये सगळ्या तारा आतून नेतात. माझ्या सायकलीत मागच्या ब्रेकची तार बेसबारच्या पोटातून यायची, हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमपाशी वळायची, स्टेमच्या मागे फ्रेममध्ये शिरताना पुन्हा जवळजवळ काटकोनात वळायची, वरच्या नळीतून मागे जायची आणि सीटखाली बाहेर पडून कॅलिपरला पोचायची. प्रत्येक वळणावर घर्षण. शिवाय तारेवरचं आवरण, म्हणजे आउटर, दाबाखाली किंचित आकसतं, म्हणजे बोटांची ताकद तिथेही खर्च होते. माझे हात लहान आहेत. त्यात नेरुळला खाडीजवळ राहायचं आणि सायकल बाल्कनीत ठेवायची, म्हणजे दर पावसाळ्यानंतर आत गंज ठरलेलाच.

स्वस्तातला उपाय आधी करून झाला होता. गुळगुळीत इनर (आतली तार), न आकसणारं आउटर, नवीन पॅड. तीनेक हजारांत काम झालं आणि फरकही चांगला पडला. पुढच्या जुलैपर्यंत.

डिस्क ब्रेक बसव, असं प्रत्येकाने सुचवलं. ज्या फोर्कला (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि फ्रेमला डिस्क कॅलिपरची जागाच नाही तिथे ती करता येत नाही. कार्बनच्या फोर्कवर तर असा प्रयोग करूच नये. डिस्कचा सगळा जोर फोर्कच्या एका पायावर खालच्या टोकाशी येतो आणि रिम ब्रेकसाठी बनवलेला फोर्क त्या जोरासाठी बनवलेला नसतो. उरला पर्याय नव्या सायकलीचा. त्याच्या किमतीत आमच्या घराचं स्वयंपाकघर नवीन झालं असतं, आणि हे मला घरातून वेळोवेळी ऐकवलं गेलं.

मधला एक मार्ग होता, जो आता जवळजवळ विस्मरणात गेलाय: ब्रेक रिमवरच लागणार, पण लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत तारेऐवजी तेल, म्हणजे हायड्रॉलिक रिम ब्रेक. जर्मनीतली मागुरा कंपनी टूरिंग सायकलींसाठी असे ब्रेक 1987 पासून बनवते आहे. 2012 मध्ये सर्व्हेलोची पी5 ही ट्रायबाईक आली तेव्हा तिच्यासोबत मागुराचे आरटी8 ब्रेक आले, खास बेसबारच्या लिव्हरसकट. स्रॅमनेही 2013 मध्ये हायड्रॉलिक रिम ब्रेक काढले होते. पण ते मुख्यतः ड्रॉपबारच्या, म्हणजे रोड सायकलीच्या खाली वळलेल्या हँडलच्या शिफ्टरसाठी, आणि त्याच डिसेंबरमध्ये कडाक्याच्या थंडीत सील दगा देतात असं आढळल्यावर कंपनीने ते परत मागवले. नवी मुंबईत कडाक्याच्या थंडीची भीती नाही हा भाग वेगळा! पुढे रोड सायकलिंग डिस्ककडे वळलं आणि हे सगळं मागे पडलं. आता अशा सायकलींसाठी मिळतो तो दुकानांत पडून राहिलेला जुना साठा.

खरेदीआधी चार गोष्टी तपासल्या. त्यातली एक इतकी महत्त्वाची आहे की बाकीच्या नंतर पाहिल्या तरी चालेल. फ्रेमच्या आतून तार आउटरसकट जाते की नुसती? काही फ्रेममध्ये तोंडाशी एक स्टॉप असतो, आउटर तिथे संपतं आणि आत फक्त दीड मिलिमीटरची तार जाते. ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची नळी, 5 मिलिमीटर जाडीचा. तो त्या भोकातून जाणारच नाही, आणि कार्बनची फ्रेम कोरून भोक मोठं करणं म्हणजे फ्रेमला मुकणं. माझ्या सायकलीत आउटर अखंड आरपार जात होतं, म्हणून पुढचा विचार तरी करता आला. बाकी तीन लवकर आटोपले: कॅलिपर एका बोल्टवर बसतो की दोन बोल्टवर (मला एकाचाच हवा होता), बेसबारची टोकं आतून गोल आणि पुरेशी रुंद आहेत का, आणि माझ्या रिमा कॅलिपरच्या जबड्यात मावतील का.

मामेबहीण श्टुटगार्टला असते. दिवाळीला येणार होती. एका दुकानात न वापरलेला जुना संच निघाला, तो तिच्या पत्त्यावर मागवला. तिने खोका उघडून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे ब्रेक आहेत की दागिने? आणि ही निळी बाटली कसली?" ती बाटली तेलाची. मागुराचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात आणि कंपनीचं तेल निळं असतं. बाटली बंद पिशवीत घालून चेक-इनच्या बॅगेतच ठेव, असं बजावलं.

बसवणार कोण, हा मोठा प्रश्न निघाला. ज्या दुकानात नेहमी जाते तिथे सायकल आतही घेतली नाही. "मॅडम, यात हात घालण्यापेक्षा नवीन मॉडेल बघा ना." मग मी नेरुळमधल्या आमच्या स्कूटरच्या मेकॅनिककाकांकडे गेले. ट्रायबाईक त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, पण डिस्क ब्रेकची एअर काढणं हे त्यांचं रोजचं काम. ठरलं असं की सायकलीतलं मी बघायचं आणि तेलातलं त्यांनी.

"ताई, डॉट फोर ब्रेक ऑइल उघडू का? पल्सरला तेच घालतो."

"नको काका. याच्यातली रबरं डॉटने फुगतात, मग ब्रेक जाम होईल. हेच निळं."

काकांनी बाटली उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला, बोटांवर थेंब घेऊन चोळला. डॉटची सिरिंजही चालणार नाही, कोरी हवी, हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि पोऱ्याला मेडिकलमध्ये पिटाळलं. तिथेच मला हायसं वाटलं.

होज ओवणं हे सगळ्यात किचकट. जुनं आउटर सरळ ओढून काढलं असतं तर रस्ताच हरवला असता. म्हणून आधी आउटरच्या आतून एक लांब इनर आरपार घातली, मग आउटर हळूहळू ओढून काढलं, आत फक्त तार राहिली. होज लिव्हरपासून सोडवला, त्याच्या तोंडात मागच्या बाजूने तार सरकवली आणि कॅलिपरकडून पुढे ढकलत नेला. सीटखालून शिरला, वरच्या नळीत सुळकन गेला आणि स्टेममागच्या भोकाशी येऊन अडला. टोक दिसत होतं, बाहेर येत नव्हतं. काकांनी चिमट्याने तार बाजूला ताणून धरली, मी सीटकडून ढकलत राहिले आणि एकदाचं ते काळं टोक बाहेर आलं. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं, ताण पडत नाही एवढी लांबी ठेवली आणि जास्तीचा तुकडा कापला. होज कापायला पक्कड किंवा कात्री वापरू नये. टोक चेपलं किंवा तिरकं कापलं गेलं तर तिथून तेल झिरपतं. धारदार पात्याने, काटकोनात. मग टोकावर नट, पितळेचं ऑलिव्ह (बारीक कडं), आत खोचायचा बार्ब (पोकळ खिळा), आणि हे सगळं लिव्हरमध्ये टॉर्क रेंचने घट्ट.

एअर काढताना काकांचा अनुभव आणि ट्रायबाईकची रचना यांची जुंपली. हवा वर चढते, म्हणून खालून कॅलिपरच्या बाजूने तेल ढकलायचं आणि वर लिव्हरच्या बाजूने बुडबुड्यांसकट बाहेर काढायचं. मोटारसायकलवर लिव्हर वरच असतो. ट्रायबाईकवर बेसबार इतका खाली असतो की मागचा कॅलिपर जवळजवळ त्याच्या बरोबरीला येतो! तेल कितीही ढकललं तरी लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखा लागत होता. काकांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली, शटरच्या हुकाला दोरी टाकली आणि पुढचं टोक छताकडे उचलून सायकल तिरकी टांगली. "आता कुठे जाईल एअर?" स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्रेमवर हलके ठोके मारत गेले, तसे वरच्या सिरिंजमध्ये निळ्या तेलातून बारीक बुडबुडे यायला लागले. आधी भराभर, मग एकेक, मग बंद. लिव्हर दाबला तर अर्ध्यावर टणक.

पॅडच्या बाबतीत तडजोड नको. सरावाच्या चाकांना ॲल्युमिनियमच्या रिमा आहेत, स्पर्धेच्या चाकांना कार्बनच्या, आणि दोन्हींसाठी पॅड वेगळी. ॲल्युमिनियमवर वापरलेल्या पॅडमध्ये धातूचे कण रुततात आणि तीच पॅड कार्बनवर लावली तर रिम ओरखडली जाते. ब्रेकमध्ये तेल आलं म्हणून हे बदलत नाही. तेलाचा एक थेंबही पॅडवर पडता कामा नये, म्हणून एअर काढताना चाकं आणि पॅड दोन्ही काढून ठेवली होती.

आता फरक. कोरड्या रस्त्यावर मागचा ब्रेक ओळखू येत नाही इतका बदलला. एका बोटाने लागतो आणि किती लावायचा हे बोटाला कळतं. येऊरहून उपवनकडे उतरताना पूर्वी दोन्ही मुठी आवळून मनगटं भरून यायची, आता त्या उताराला गप्पा मारता येतात. पुढच्या ब्रेकमध्ये फरक आहे, पण थोडाच. तिथली तार आधीच आखूड आणि सरळ होती. नुसता पुढचा बदलायचा असता तर एवढा खटाटोप मी केला नसता.

पावसाचं मात्र जसंच्या तसं. ओल्या रिमवर पाण्याचा थर असतो, पॅड तो आधी पुसतात आणि मग पकडतात. चाकाचा पहिला फेरा-दोन फेरे तसेच जातात, मग लिव्हरमागे तार असो की तेल. कार्बनच्या रिमवर तर ते जास्तच जाणवतं. म्हणून पावसाळ्यात मी ॲल्युमिनियमवरच चालवते आणि सिग्नल दिसला की लांबूनच पॅड रिमला हलकेच टेकवून पाणी पुसून घेते. हायड्रॉलिक बसवलं की पावसात गाडी डिस्कसारखी थांबेल, असं कोणी सांगत असेल तर त्याने बहुधा पावसात चालवलेली नसते.

त्रास वाढले तेही सांगायला हवेत. सरावाची चाकं अरुंद, स्पर्धेची रुंद. तारेच्या ब्रेकला स्क्रू फिरवून अंतर जुळवायचे, आता चाकं बदलली की पॅडच नीट बसवावी लागतात. गोव्याच्या 70.3 ट्रायथलॉन स्पर्धेसाठी सायकल खोक्यात भरताना बेसबार काढून वळवताना होज मुरगळत नाही ना हे पाहावं लागतं. चाक नसताना कोणी हौसेने लिव्हर दाबू नये म्हणून दोन्ही लिव्हरना मी कापडी पट्टी बांधते. वाटेत तार तुटली तर कुठल्याही गावात मिळते, हे तेल मिळत नाही. म्हणून एक छोटी बाटली आणि सिरिंज सामानात असतेच.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने हे सगळं ऐकून त्याच आठवड्यात परदेशी साइटवर संच शोधून ठेवला. पैसे भरण्याआधी सायकल घेऊन काकांकडे ये, म्हटलं. काकांनी स्टेममागच्या भोकात बॅटरी मारली, आत डोकावले आणि मान हलवली. आउटर तोंडाशीच संपत होतं. "साहेब, तुम्ही तारच चांगली घाला," ते म्हणाले आणि पुढच्या स्कूटरकडे वळले.